मामीची बाहेरची कढई

महिना होत आला. मंचरला मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडला होता, तेवढ्यात ओतूरहून मामाचा फोन आला. "बाय, तुझी मामी गेली गं..." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. डबा तसाच राहिला.

बोरी बुद्रुकहून कॉलेजसाठी मी ओतूरला मामाकडे राहायला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. तीन वर्षं मामीने मला लेकीसारखं सांभाळलं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण-कोंबडीला तिने जन्मात तोंड लावलं नाही. तरीही मामासाठी आणि माझ्यासाठी ती चिकन तळायची, आणि तसं चिकन मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. त्यासाठी मागच्या अंगणात वेगळी चूल होती आणि भिंतीच्या खिळ्याला वेगळी कढई. ती कढई कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. मामा डिवचायचा, "माळकरीण कोंबडी तळती, देवाला कळलं म्हंजी?" मामी पदर खोचत म्हणायची, "त्याला ठावं हाय. त्यानंच असलं खाणारं माझ्या पदरात टाकलंय."

चव घ्यायची नाही, मग ती पारखायची कशी? तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचंच. तळहातावर थेंब चोळून वास घ्यायची आणि जरा खवट वाटलं की परत पाठवायची. रश्श्याला गावरान कोंबडी, पण तळायला ब्रॉयलर, "गावरान तळली तर मामाचं उरल्यालं दात जात्याल." पीठ जुन्या तांदळाचं, कारण नव्यात ओल राहते. दह्यात, आलं-लसणात मुरलेले तुकडे चांगले निथळल्याशिवाय ती पिठात घोळवत नसे. आणि आम्ही पहिला घास घेताना ती आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. मला वाटायचं, तिला बघवत नसेल. एकदा विचारलंच, तर म्हणाली, "बघून काय कळतंय? दाताखाली कुरकुरतंय का, ते ऐकती मी."

माझ्या शेवटच्या वर्षी मामीला मोठा ताप आला. ताप उतरला, पण तिला वास येणं बंद झालं ते कायमचंच. मामी मुकी झाल्यासारखी झाली. "चाखायचं तर न्हाईच, आता नाकबी गेलं. कशाच्या भरवशावर तळू?" कढई खिळ्यालाच राहिली... कित्येक महिने.

मग माझा निकाल लागला. मी पास झाले. मामी उठली आणि तिने कढई काढली. तेल ओतताना मला म्हणाली, "वास घे बरं." मी घाईत हुंगलं आणि म्हणाले, "चांगलंय." तेल तापल्यावर तिने पिठाचा गोळा सोडला आणि मान वाकडी करून कान दिला. "न्हाई. ह्ये आधी तापल्यालं तेल हाय. आवाज दबका येतोय. कुणी मिसळलं?"

पुऱ्या तळून उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून आदल्या आठवड्यात मीच तेलाच्या डब्यात ओतलं होतं. मी कबूल केलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण मामी हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, ऐकलं का? माझं मला कळलं! लई दिसांनी कळलं!" आणि तिने मामाला तिथूनच नवं तेल आणायला घाण्यावर पिटाळलं. तीन वर्षांत एवढी पुस्तकं वाचली होती, पण असं लक्ष देणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेराव्याला मामाने ती कढई माझ्या हातात दिली. "घिऊन जा. हितं कोण तळणार आता..."

गेल्या रविवारी घाण्यावरून तेल आणलं. टीव्ही बंद केला. पिठाचा गोळा सोडला, कान दिला. सगळं तळून झाल्यावर नवरा आणि मुलगी ताटावर बसली. मुलीने पहिला तुकडा उचलला, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.