कनिष्काचा कोट

आमच्या गल्लीच्या टोकाला शिंप्याचं एक दुकान आहे. तिथं जिवंत गिऱ्हाइकांची कामं वेळेवर होत नाहीत. मी पँटसाठी तपकिरी रंगाचं जाड लोकरी कापड दिलं, त्यानंतर माझी कंबर दोनदा बदलली, पण मास्तरांनी माप एकदाच घेतलंय. "येत्या आठवड्यात नक्की," असं ते इतक्या मनापासून सांगतात की चूक आठवड्याचीच असावी असं वाटतं.

मास्तर दुसऱ्याच एका गिऱ्हाइकात गुंतलेले असतात. ते गिऱ्हाईक तांब्याचं आहे, शतकानुशतकं जुनं आहे, आणि 'कधी देताय' असं विचारत नाही.

प्रकरण सुरू झालं ते वजनांपासून. कापताना कापड सरकू नये म्हणून मास्तरांनी भंगारवाल्याकडून तांब्याच्या झिजलेल्या चकत्या आणल्या होत्या. एका दुपारी ते खडूची रेघ ओढत असताना एका चकतीवर तिरकं ऊन पडलं आणि तिच्यावर माणूस उभा राहिला. पायात बूट, अंगात घेरदार जाड कोट, उजवा हात पुढे करून एका छोट्या वेदीवर काहीतरी वाहतोय. दुसऱ्या कोणी विचारलं असतं, हा राजा कोण? मास्तरांनी विचारलं, "हा कोट कोणी शिवला?"

राजाचं नाव चौकातल्या चष्मेवाल्यानं सांगितलं. हा चष्मेवाला म्हणजे गावातल्या नाणी जमवणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. त्यानं भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा कुषाणांचा कनिष्क! याला वजन म्हणून ठेवून तुम्ही लेंग्याची कापडं बेतता?"

त्या दिवसापासून कापडावर वजनाला इस्त्री आली आणि राजे मखमलीच्या तुकड्यावर गेले. मग एकामागून एक नाणी येत गेली. मास्तर नाणं आधी अंगठ्यानं वाचतात, कापडाचा पोत पाहावा तसं. मागच्या बाजूला देव असतात. खांद्यामागे कोर दिसली की चंद्र. पण मास्तरांचा जीव आहे तो वाऱ्याच्या देवावर. तो धावत असतो आणि त्याचं वस्त्र पाठीमागे फुगलेलं असतं. "वारा दाखवायचा तर शेवटी कापडच लागलं की नाही?" असं म्हणून ते अशी मान डोलावतात, जणू ते कापड यांच्याच दुकानातून गेलंय. सोन्याच्या नाण्यांची त्यांना हाव नाही, आणि खोटं नाणं ते क्षणभरही घरात ठेवत नाहीत. "खोट्याशेजारी ठेवलं की खऱ्याचाही भरवसा वाटेनासा होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुकानाच्या मागच्या खोलीत काजं करणाऱ्या वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचं, या सगळ्यावर वेगळं मत होतं. "भाऊजी, यांनी सवत आणली असती तर निदान तिनं बटणं तरी लावली असती!"

पण याच वहिनींनी लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या काजांच्या कमाईतून गुपचूप एक कनिष्क आणला. कोटाची घडी न् घडी दिसावी असा ठसठशीत. पितळी चौकटीत काचेखाली बसवून त्यांनी तो शिलाई मशीनच्या वर टांगला. त्यानंतर पायजम्याची नाडी बदलायला आलेल्या माणसालाही तो पाहिल्याशिवाय सुटका नसे. "हा मी दिलेला," वहिनी सांगायच्या, आणि मास्तर खाली मान घालून मशीन विनाकारण जोरात चालवायचे.

यंदा चष्मेवाल्यानं नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं. मास्तर म्हणाले, "मी कोट शिवतो. नाण्यावरचा, जसाच्या तसा." वहिनींचा कनिष्क मधोमध आणि शेजारी खरा कोट, असं ठरलं. नक्कल अर्थातच वहिनींच्या नाण्यावरून, कारण बाकीच्या राजांचे कोट झिजून गुळगुळीत झालेले.

कच्चे टाके घालून झाल्यावर मला बोलावणं आलं. "तुमचं पोट अगदी राजघराण्यातलं आहे," मास्तर म्हणाले. मी कोट चढवला. समोर वेदी म्हणून तेलाचा रिकामा डबा पालथा ठेवला होता.

"हात पुढे करा. अर्पण करा."

मी अर्पण केलं आणि उजवीकडचा कोट सरसर गुडघ्याच्या वर गेला.

"पोट आत घ्या."

"राजा पोट आत घेतो का हो?"

"बरं, राहू द्या. खांदा सैल सोडा."

खांदा सोडला, श्वास सोडला, कोट काही खाली येईना. बाही कंबरेपासून सरळ निघाली होती. हात उचलला की सगळा राजा उचलला जायचा. नाण्यावर मात्र हात पुढे आणि घेर सरळ. मास्तरांनी कोट उसवला, पुन्हा बेतला, पुन्हा मला उभं केलं. तेच. दारात उभ्या वहिनी दोन्ही वेळा कोटाकडे आणि मशीनवरच्या चौकटीकडे आळीपाळीनं बघत होत्या. ती नजर मला कोटापेक्षा भीतीदायक वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाहेर गेल्या असताना मास्तरांनी मला हाताला धरून आत ओढलं. चौकट उघडलेली होती. त्यांनी नाणं उभं धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. कडेवरून बारीक रेघ गेली होती, गोल, अखंड.

"हे काय?"

"शिवण," मास्तर म्हणाले. "साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. खरी जुनी नाणी ठोकून पाडलेली, त्यांना शिवण कुठून येणार? कोणीतरी हल्लीच कोट मनानं कोरून ओतलंय हे. चौकटीत कडा झाकलेली होती, आणि उघडून बघायचं म्हणजे तिच्यावर शंका घेतल्यासारखं." ते स्टुलावर बसले. "खोटं मधोमध ठेवू कसं? आणि नाही ठेवलं तर तिला सांगू काय?"

"गप्प बसा," मी म्हणालो. संसारी माणसाला दुसरा सल्ला सुचत नाही.

"गप्प कशाला?" मागून आवाज आला. वहिनी पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. मास्तरांच्या हातातलं नाणं लपायला जागा शोधू लागलं.

"अगं, हे जरा पुसायला..."

"पुसा हो. खोटं आहे ना ते?"

मास्तरांनी नाणं हळूच उघड्या चौकटीशेजारी ठेवलं.

"कोट वर गेला तेव्हाच कळलं मला," वहिनी पिशवी ठेवत म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, भाऊजींचं पोट आडवं आलं. पण दुसऱ्यांदाही? इतकी वर्षं तुमच्या कापलेल्या कपड्यांना काजं करतेय. तुम्ही कपडा उशिरा द्याल, पण चुकीचा कापणार नाही. मग चुकलं कोण? तो राजा!" एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच त्याच पदरानं भिंग पुसलं. "दाखवा ती शिवण. आणि ते मधोमधच ठेवायचं, सांगून ठेवते. खोटं म्हणून ठेवा. मी फसले, बाकीच्यांनी कशाला फसावं?"

मास्तरांनी मखमलीवरचे झिजलेले राजे पुन्हा पुढे घेतले. नव्या नजरेनं पाहिल्यावर तीन-चार नाण्यांवर काखेखाली एकाच जागी तीच तिरपी खूण सापडली. इतके दिवस ते तिला ओरखडा समजत होते. "काखेत जोड दिलाय त्यानं! म्हणून हात मोकळा." हे इतिहासाला मान्य होईल की नाही, ठाऊक नाही. पण काखेत त्रिकोणी तुकडा घातल्यावर मी अर्पण केलं, आणि घेर जागचा हलला नाही. मास्तरांनी मला मिठी मारली. खरं तर कोटाला मारली, मी आत होतो.

प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी खोट्या नाण्यापुढे. वहिनी भिंग घेऊन उभ्या, जो येईल त्याला कडा दाखवत. "ही रेघ दिसली की घेऊ नका. मी घेतलं होतं."

"आणि कळलं कसं तुम्हाला?" एकानं विचारलं.

"आमच्या यांच्या कोटात ते बसलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि शेजारच्या कोटाची बाही उचलून धरली. "ही शिवण बघा. शिवण अशी असते."

मास्तर कोपऱ्यात उभे राहून जमिनीकडे बघत होते, आणि पाय मशीन चालवल्यासारखा हलत होता.

मीही वाकून शिवण बघितली. सुंदर होती. काखेतला तो त्रिकोण तर फारच सुंदर. जाड, लोकरी, तपकिरी. माझ्या पँटचा.

"मास्तर!"

"येत्या आठवड्यात नक्की," ते म्हणाले.