बारा सेकंद पाण्याबाहेर

त्या बाईने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं, तरी पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपली. लँकेशायरच्या किनाऱ्यावर नदी समुद्राला मिळते तिथे ती कमरेइतक्या गढूळ पाण्यात उभी होती आणि तिच्या शेजारी, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, तिचा बाप उभा होता. दोघांत मिळून एक जाळं. पुरुषभर लांबीच्या दोन लाकडी चौकटी जोडाव्यात तसा सांगाडा, मागे जाळ्याचा झोळ. मासा झोळात शिरला की तो उचलायचा, बस्स. मी काठावर क्लिपबोर्ड घेऊन उभी होते आणि माझ्या पोटात दुखत होतं.

मी नद्यांतल्या माशांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात काम करते. नवऱ्याची आयटीतली नोकरी मँचेस्टरला, म्हणून आम्ही इकडे. कोकणात घेतलेली माझी फिशरीजची डिग्री या देशात कुणी विचारेल असं मलाच वाटलं नव्हतं. पण इथला सॅमन आटत चाललाय, आणि आटणाऱ्या गोष्टीवर देखरेख ठेवायला माणसं लागतात. नियम असा की पाण्यात उभं राहून मासेमारी करणाऱ्या या मोजक्या लोकांनी सी ट्राउट नावाचा दुसरा मासा विकावा, पण सॅमन सापडला तर जिवंत सोडून द्यावा. तोही पाण्याबाहेर न काढता. झोळातच मोजायचा, दोन खवले काढून पाकिटात घालायचे, तोंड प्रवाहाकडे करून धरायचा आणि तो आपणहून निघेपर्यंत थांबायचं. पूर्वी हाच सॅमन विकून त्या बाईच्या म्हाताऱ्या बापाने घर बांधलं होतं. तो कुरकुरायचा, म्हणायचा, "घाण तुम्ही नदीत सोडता आणि जाळं माझं मोजता." त्यात तथ्य होतं, तरी मी मोजायचे.

नवीन परवाने बंद. एकाने सोडला की तो परवाना तिथेच संपतो. फक्त एक पळवाट होती. जुन्या घराण्यातल्या मदतनिसाच्या नावावर तो चढवता येत असे, मात्र त्या मदतनिसाने नियम काटेकोर पाळल्याचा आमच्या ऑफिसचा अहवाल लागे. म्हाताऱ्याने आपली मदतनीस म्हणून लेकीसाठी अर्ज केला होता. चार हंगामांचा अहवाल मी लिहिणार होते.

आता माझं दुखणं सांगते. आमचं गाव हर्णैजवळ. बाबाची छोटी होडी होती. पोरीबाळींनी होडीत बसू नये असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बसत कुणी नव्हतं. होडी वाळूत असेपर्यंत मी आत बसून जाळ्यातला कचरा काढायचे. ढकलायची वेळ आली की बाबा मला काखेत धरून उचलायचा आणि खाली ठेवायचा. माझा धाकटा भाऊ आतच. त्याला बोट लागायची, तो ओकून ओकून अर्धमेला व्हायचा, तरी आतच. मी रडायचे. मग आई टोपली माझ्या डोक्यावर द्यायची आणि आम्ही लिलावाला जायचो. पुढे भावाने होडी विकली आणि पनवेलला मोबाइलचं दुकान टाकलं.

माझी चूक ही की मी या बापलेकीबद्दल बाबाला सांगितलं. आमचा दर रविवारी फोन असतो. माझं प्रमोशन झालं तेव्हा बाबा म्हणाला होता, "बरं झालं, जेवलीस का?" पण त्या बाईचं ऐकून तो उठून बसला. पाणी किती थंड असतं? ओहोटीला ओढ किती? झोळ कुठल्या हाताने उचलते? "पोरगी खमकी आहे," म्हणाला. पुढच्या रविवारी माझी विचारपूस करायच्या आधी तिची. "काय म्हणते तुझी ती कोळीण?" मी म्हटलं, बरी आहे. माझा अगदी तिळपापड झाला. ज्या माणसाने मला गुडघाभर पाण्यात उतरू दिलं नाही, तो सात समुद्रांपलीकडच्या परक्या बाईचं कौतुक माझ्याच तोंडून ऐकत होता.

चौथ्या हंगामात म्हाताऱ्याची नजर गेल्यात जमा झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलकडून लांबत चालली होती. आता जाळं लेक धरायची आणि तो मागे उथळ पाण्यात काठी टेकून उभा राहायचा. कुणी कुठे उभं राहायचं हे तिथे भरतीआधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या सकाळी तिला उत्तम जागा लागली. अर्ध्या तासात झोळाला हिसका बसला. सॅमन होता, मोठा, चंदेरी. तिने मोजला, खवले काढले, सगळं पाण्यातच, बोट ठेवायला जागा नाही असं. मग ती बापाकडे वळली. त्याने मान पुढे काढली होती, पण त्याला काही दिसत नव्हतं. तिने मासा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने माशाच्या पाठीवरून बोटं फिरवली, काहीतरी म्हणाला, ती हसली. मग मासा पाण्यात गेला, क्षणभर थांबला आणि शेपटीचा फटकारा मारून निघून गेला.

मी घड्याळ बघितलं होतं. बारा सेकंद.

बाकीच्या पुरुषांनी फोटोसाठी मासे असे उचललेले मी चार वर्षांत अनेकदा पाहिले होते आणि "पुन्हा नको हं" म्हणून सोडून दिलं होतं. ते एकदाही लिहिलं नव्हतं. हे लिहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "टेक्निकली करेक्ट आहे ना? मग का लोड घेतेयस?"

"बाकीच्यांचं नाही लिहिलं मी."

"मग त्यांचंही लिही, नाहीतर हिचं डिलीट कर. सिंपल."

सिंपल होतं, मान्य. दोन दिवस तो अहवाल माझ्या लॅपटॉपवर पडून होता. सॅमनसाठी लिहिलंय अशी मी स्वतःची समजूत घालत होते, आणि ती पूर्ण खोटीही नव्हती. बारा सेकंद माशाला महागात पडू शकतात. पण ती हसली होती तेच माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. तिसऱ्या दिवशी मी तो पाठवला.

अर्ज नामंजूर झाला. पत्रात तीन कारणं होती, त्यातलं शेवटचं माझं. म्हाताऱ्याने हंगाम संपल्यावर परवाना परत केला. बाई स्वतः ऑफिसात येऊन परवान्याचं पाकीट देऊन गेली. मला बघून तिने मान हलवली, रागाने नव्हे. मला तिचा तो मोठेपणाही बघवला नाही.

त्या रविवारी बाबाने पहिला प्रश्न तोच विचारला. "मिळाला का तिला बापाचा परवाना?"

"नाही."

"का? काय केलं तिने?"

मी सांगितलं. बापाची नजर अधू झालीय, मासा दिसेना, म्हणून तिने उचलून दाखवला. बारा सेकंद. ते कुणीतरी लिहून घेतलं.

मागे आई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

"ज्याने लिहिलं त्याला बाप नसेल," बाबा म्हणाला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "तू असतीस ना माझ्या होडीत, तर तूपण मला दाखवलाच असतास. मला ठाऊक आहे."

मग मी त्याला सांगितलं, कुणी लिहिलं ते.