शेवटचा पोहरा डोणीत

आमच्या गल्लीतल्या आडाला एक रीत होती. पाणी शेंदून झालं, घागरी भरल्या, की शेवटचा एक पोहरा आडाशेजारच्या दगडी डोणीत ओतायचा आणि मगच घागर डोक्यावर घ्यायची. डोणी जनावरांची. शेळ्या, वाटेनं जाणारी गाय, एखादं तहानलेलं कुत्रं, सगळी तिथंच तोंड घालायची. त्यामुळं कुठलंही जनावर आडाच्या काठाशी येत नसे. आडाचं पाणी राखायची ती आमच्या अडाणी माणसांची युक्ती होती. ती मोडली मी, गल्लीतल्या पहिल्या बी.एस्सी.नं.

अडाणी हा शब्द मी त्या काळात फार वापरायचो.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले, आईनं कागदावर अंगठाच उठवला. मी अंबाजोगाईला खोलीवर हातानं भाकरी थापून शिकलो आणि शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. ते माझं मी मिळवलं, हे मी आजही कुणापुढंही सांगतो. त्या अभिमानाची मला लाज नाही. त्या अभिमानाच्या आडून मी काय केलं, त्याची आहे.

बाहेरच्या जगातल्या वस्तू तेव्हा गावात येऊ लागल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणाऱ्या अप्पांच्या दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या, केजच्या स्टँडवर फोनचे पिवळे बूथ झाले होते. माझं लग्न झालं. बायको लातूरची, माहेरी संडास असलेल्या घरातली. तिला हातात डबा घेऊन अंधारात बाहेर पाठवायचं मला कमीपणाचं वाटलं. मी परसात संडास बांधायला काढला. गल्लीतला पहिला. पांढरं भांडं जीपच्या टपावर बांधून आणलं तेव्हा पोरं मागं पळत आली.

खड्डा कुठं घ्यायचा, हा प्रश्न होता. परस लहान. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला आमची भिंत आणि तिच्यापलीकडं पंधरा पावलांवर आड. गवंड्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, "सर, खड्डा तळापासनं सिमेंटात घ्या. न्हाईतर लांब घ्या."

सिमेंटाचा खर्च मला जड जात होता आणि लांब जागाच नव्हती. मी म्हणालो, बिनसिमेंटाचा शोषखड्डा घे, दगड सुटे रच.

आई चुलीपुढं बसली होती. तिथूनच म्हणाली, "आडाच्या अंगाला घाण गाडू नको रं."

मी तिला समजावून सांगितलं. आठवीच्या पुस्तकात गाळणीची आकृती असते. वर वाळू, खाली कोळसा, त्याखाली खडे. मी ती दर वर्षी फळ्यावर काढायचो. तीच आकृती मी आईपुढं जमिनीवर काडीनं काढली. म्हटलं, "जमीन म्हणजे मोठी गाळणीच. पंधरा पावलं मुरून येईपर्यंत पाणी स्वच्छ होतं."

आईनं आकृतीकडं बघितलं. "मुरमाला भेगा असतेत," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलथली.

भेगा माझ्या पुस्तकात नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरला आणि गल्लीत ढाळ-वांत्या सुरू झाल्या. आधी दोन घरं, मग पाच. अप्पांच्या नातीला केजला नेऊन सलाईन लावलं. तीन दिवस अप्पांचं दुकान बंद होतं. चौथ्या दिवशी पोरगी परत आली, पण मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. आरोग्य खात्याचा माणूस आला, त्यानं आडात औषधाची पावडर टाकली आणि जाताना म्हणाला, "कुठून तरी घाण उतरतीय आडात. शोधा."

संध्याकाळी सगळी गल्ली आडाजवळ जमली. अप्पा जोत्यावर टेकले. म्हणाले, "सर, आमाला काय कळतंय? तुमी शिकलेले. तुमीच सांगा, घाण कुठनं येतीय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी माझ्या परसाच्या भिंतीकडं. एकदाच. तेवढ्यात मला कळलं. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आईनं सांगितलेली भेग मला त्या क्षणी डोळ्यांपुढं दिसली.

मी नजर वळवली ती डोणीवर गेली. डोणीभोवती शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या.

"जनावरांची घाण," मी म्हणालो. वर्गात बोलतो तसा आवाज लागला. "डोणी सांडते, लेंड्या भिजतात, तेच पाणी काठावरून आत झिरपतं. जनावरांच्या विष्ठेत जंतू असतात."

विष्ठा आणि जंतू हे शब्द ऐकल्यावर कुणी काही विचारलंच नाही.

शेळ्या आमच्या गल्लीत एकाच घरी होत्या. शेवटच्या खोपटात एक नवरा-बायको राहायची, पिढीजात शेळ्या-मेंढरं राखणारी. त्यातल्या बाईला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. लहानपणी मी तिच्या हातचं शेळीचं दूध प्यायलेलो. ती मागं उभी होती, पुढं आली.

"सर, डोणी मी रोज खराट्यानं घासती. उतार तिकडं हाय, वढ्याकडं. आडाकडं पाणी येतंच न्हाई. या की, बघा."

दहा पावलं चालायचं होतं. उतार साध्या डोळ्यांना दिसत होता. मी गेलो नाही. म्हणालो, "मावशी, हे वरून दिसत नसतं."

"आता तूच शिकव सरास्नी!" कुणीतरी बायकांतून म्हणालं. एक तरणा गडी तिच्या नवऱ्याकडं वळला, "काय बे, पोरं मारतोस का आमची तुझ्या शेळ्यांपायी?" नवरा बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. तो कमी बोलायचा. अप्पांना तीन दिवसांची झोप नव्हती. ते उठले आणि म्हणाले, "डोणी फोडा. आन् हिचा पोहरा आडात नको."

डोणी दोन घणांत फुटली नाही. सहा-सात लागले. मावशी तेवढा वेळ उभी राहिली. मग तिनं कप्पीवरचा आपला दोर सोडला, पोहऱ्याला गुंडाळला आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओढ्यातनं पाणी आणू लागली. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा केला की पाणी पाझरतं, त्याला आमच्याकडं झिरा म्हणतात. वाटीवाटीनं घागर भरायची. जाऊन येऊन तासाभराची वाट. झिऱ्यावर ती काटेरी फांदी टाकून ठेवायची, कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून. वापरलेलं पाणी ती शेळ्यांना ठेवायची, वाया जाऊ द्यायची नाही. पाणी कसं राखावं हे गल्लीत कुणाला कळत असेल तर तिला कळत होतं, आणि मी वर्गात 'पाणी दूषित होण्याची कारणे' लिहून देत होतो. पोरं विचारायची, "सर, शोषखड्डा किती लांब पायजे?" मी पुस्तकातला आकडा सांगायचो. तो पंधरा पावलांत बसत नव्हता.

घरी मी पाणी उकळायला लावलं. गल्लीलाही सांगितलं, उकळून प्या. बाया म्हणाल्या, "सर, जळण तुमी देता का?" संडास मात्र बंद केला नाही. बंद केला असता तर लोकांनी विचारलं असतं, कावून बंद केला? दर आठवड्याला औषध पडत होतं, पाऊस सरला, ढाळही कमी झाले. मग मी मनाला सांगू लागलो, बघ, शेळ्याच असतील.

माझी आई एक दिवस घागर घेऊन ओढ्याकडं निघाली. म्हटलं, "आई, आड सोडून कुठं?"

"मला झिऱ्याचं पाणी गोड लागतं," ती म्हणाली. तिचे गुडघे दुखायचे. ती आणि मावशी सकाळी बरोबर जायच्या, बरोबर यायच्या. मी तिला परत विचारलं नाही. काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं. दर दोन वर्षांनी गाळ काढायचा असायचा. आड सात परस खोल, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी केली तर वर हात लागेल. उतरायचं धाडस एकालाच होतं, मावशीच्या नवऱ्याला. ज्यांनी त्याच्या बायकोचा पोहरा बंद केला त्यांनीच त्याला बोलावणं धाडलं, आणि तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. दोराला लोंबकळत उतरला, दुपारपर्यंत टोपल्या भरून गाळ वर पाठवत राहिला. नंतर खालून आवाज आला, "सरास्नी बोलवा."

तो वर आला, कोपरापर्यंत काळा. मला बाजूला घेतलं.

"सर, तुमच्या अंगाची कपार पाझरतीय. काळं पाणी हाय. वास येतोय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "कुणाला सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "न्हाई. तुमी सांगा. तुमचा शब्द चालतो." अंगावरचा गाळ तसाच ठेवून तो घरी गेला. आडाचं पाणी अंगावर घेतलं नाही त्यानं.

मी लोकांना सांगितलं. काय सांगितलं? उत्तरेकडची कपार खिळखिळी झालीय, दगड सुटतील, सिमेंट भरून घेऊ, खर्च माझा. त्याच आठवड्यात परसातला खड्डा उपसून, मुरूम टाकून बुजवला आणि लांब, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याची जागा विकत घेऊन पक्का बांधला. घर वाढवायचंय, असं कारण दिलं. अप्पांनी कपिलधारच्या यात्रेहून आणलेली तीर्थाची बाटली आडात ओतली, नारळ फोडला, माझ्या कपाळाला विभूती लावली आणि चारचौघांत म्हणाले, "माणूस शिकावा तर असा."

पाणी स्वच्छ झालं. पुढच्या पावसाळ्यात एकाही घरी ढाळ लागले नाहीत. आणि लोक म्हणू लागले, बघा, डोणी फोडली, शेळ्या गेल्या, पाणी सुधारलं. सर म्हणत होते तेच खरं.

मी खड्डा बुजवला आणि त्यानंच तिचा गुन्हा पक्का झाला. हे मला सुचलं नव्हतं. कळलं तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. सकाळी दप्तर घेऊन निघताना ती ओढ्याकडून येताना भेटायची, डोक्यावर घागर, मागं माझी आई. मी सायकलची चेन बघायला वाकायचो.

असे चार उन्हाळे गेले.

मग गावात नळयोजना आली. आडाला लागूनच चार तोट्यांचा स्टँड उभा राहिला. पहिल्या दिवशी झाडून सगळी गल्ली घागरी-कळश्या घेऊन रांगेत. नळ सगळ्यांचा होता, त्याला कुणाचा पोहरा लागत नव्हता, म्हणून मावशीही रांगेत होती. चार वर्षांनी मी तिला पाण्याजवळ उभी बघितली. नारळ फोडायला मलाच बोलावलेलं. अप्पा म्हणाले, "सर, दोन शब्द बोला पाण्यावर."

काय बोलायचं हे मी ठरवून आलो नव्हतो. हातात नारळ होता. म्हणालो, "आडात घाण माझ्या संडासाच्या खड्ड्यातनं येत होती. शेळ्यांची नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

अप्पा म्हणाले, "जाऊ द्या हो सर. आता आडाचं पाणी कोण पितंय?" पुढचे दोघं-तिघं हसले. अप्पा मोठे माणूस, त्यांना मला सोडवायचं होतं. मीही हसलो. सुटल्यासारखं वाटलं मला, आणि सगळ्या गोष्टीत त्या हसण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. ज्या पाण्यासाठी तिला हाकललं ते पाणी बिनकामाचं झालं, तेव्हा माझं तोंड उघडलं होतं.

मावशी हसली नाही. रांगेतून बाहेर आली, कमरेवर रिकामी घागर.

"सर, मागं बायास्नी ऐकू गेलं न्हाई. लई हळू बोललात. परत सांगा."

"मावशी, आता..."

"डोणी फोडली तवा कसं बोललात? शेवटच्या घरापोतर ऐकू आलतं. तसं सांगा."

मागं पन्नासेक बाया असतील. त्यांच्यात आई होती. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी नारळ खाली ठेवला. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं म्हणून लावायचो तो आवाज लावला आणि पहिल्यापासून सांगितलं. गवंडी काय म्हणाला होता, आई काय म्हणाली होती, उतार कुणीकडं होता, कपार कुणाच्या अंगाची पाझरत होती. या वेळी कुणी हसलं नाही. अप्पा चष्मा पुसत राहिले. त्यांची नात त्यांच्या धोतराला धरून उभी होती.

माझं संपल्यावर मावशी परत रांगेत तिच्या जागी जाऊन उभी राहिली. पुढच्या बाईनं सरकून तिला वाट दिली, तर म्हणाली, "नंबरानंच भरती." नंबर आला, घागर भरली, चुंबळीवर चढवली. मग अंदाजानं दोन पावलं उजवीकडं वळली, जिथं डोणी असायची तिकडं, आणि थांबली. तिथं आता नुसता मुरूम होता.

"सर," ती म्हणाली, "हितं डोणी पायजे. तोटीचं सांडलेलं पाणी वायाच चाललंय."

दुसऱ्या दिवशी शाळेतनं रजा काढून मी पाथरवटाकडं गेलो.