खोकणारी जीप आणि माझा मेव्हणा

खारेपाटणापासून बांद्यापर्यंत कुणालाही विचारा, जुन्या पेट्रोल इंजिनाचं दुखणं नुसतं कानाने ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा मेव्हणा आहे. माणसांच्या बाबतीत मात्र तो ठार बहिरा. कुणी घरची अडचण सांगायला लागलं की तो छपराकडे बघतो. पण रस्त्यावरून एखादी गाडी ठोका चुकवत गेली, तर हातातला चहा खाली ठेवून तिच्यामागे चालायला लागतो. वालावलला त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे फणसाखाली चार पत्रे. कॉम्प्युटर लावून बघायच्या गाड्यांना तो 'शिकलेल्यो' म्हणतो आणि पुढचा रस्ता दाखवतो.

मालकाला बोलू द्यायचं नाही, हा त्याचा नियम. एकदा हायस्कूलचे एक मास्तर जुनी गाडी घेऊन आले आणि शुद्ध भाषेत सांगू लागले, की चढावर ती आचके देते, बहुधा पेट्रोलमध्ये कचरा असावा. ह्याने विचारलं, "गुरुजी, पेशंट तुमी काय ती? तिका बोलांदेत." मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तोंड आ करून उभा राहिला. तोंड उघडं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "भावजी, तोंड मिटल्यार आपलाच काळीज ऐकाक येता. मगे इंजिनाचा खंयचा आणि आपला खंयचा?"

ऐकून झालं की गाऱ्हाणं, देवळात घालतात तसंच. बॉनेटवर हात ठेवून म्हणतो, "बा म्हाराजा, ह्या गाडयेच्या पोटात जा काय वाकडा-नाकडा शिरला आसात, ता भायर काढ रे म्हाराजा." मालकाने "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. त्या मास्तरांनीही म्हटलं, आधी इकडेतिकडे बघून घेतलं इतकंच. मग इंजिन चालू ठेवून प्लगांच्या टोप्या एकेक उपटायच्या. टोपी काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो प्लग जिवंत. काढली काय नि ठेवली काय, फरकच पडला नाही, तर तो मेलेला. हे कुठलाही मेस्त्री करतो. पण बाकीचे पक्कड वापरतात, हा उघडा हात. करंट खातो आणि वर चव सांगतो. "हो बरो चावलो. हो नुसतो गुदगुल्यो करता, ह्याची वायर म्हातारी झाली." मास्तरांची वायर बदलली आणि गाडी चढ चढली. कचराबिचरा काही नव्हता.

माझी स्वतःची जुनी पेट्रोल जीप आहे. मसुरे ते मालवण सीटं मारण्यात, म्हणजे प्रवासी पोचवण्यात, माझा जन्म गेला. आमच्याकडे खाडीच्या हवेने, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून ओलं होतं, ठिणगी भलतीकडे पळते आणि इंजिन खोकतं. मेव्हणा यायचा, झाकण काढायचा आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चुलीच्या कडेला उबेला ठेवायचा. मग आमची ही कडाडायची, "मेल्या, चुलीर बांगड्याची कढी आसा. तुझो डबो उचल, नायतर तिरफळां घालून शिजवतंय." तो म्हणायचा, "शिजव गो बाय. जीप तरी बरी धावात." झाकण सुकेपर्यंत तो तीन वेळा भात घ्यायचा. पुढे पुढे झाकण कोरडं असलं तरी सुकवायला ठेवायला लागला.

आमची ही गेल्या श्रावणात गेली. तेराव्याला तो आला, पडवीच्या टोकाला बसला आणि गेला. मग आलाच नाही. दिवाळी झाली, आंगणेवाडीची जत्रा झाली. मेव्हण्याला ये म्हणायला कारण लागतं, आणि इतकी वर्षं ते कारण तीच होती. बायको गेली ती गेली, पण तिच्याबरोबर तिचा भाऊही गेला, हे माझ्याच्याने गिळवेना. तुझी आठवण येते असं त्याला सांगायचं तर तो छपराकडे बघणार. जीप तेवढी ठणठणीत होती, हरामखोर.

म्हणून एका सकाळी मी बॉनेट उघडलं आणि दोन प्लगांच्या वायरी अदलाबदल करून लावल्या. जीप कुत्र्यासारखी थरथरायला लागली, सायलेन्सरातून फटाके. त्याला फोन केला.

"जीप खोकता."

"कधीपासना?"

"कालपासना."

"येतंय."

रविवारी सकाळीच आला. मी स्टार्टर मारला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढलासुद्धा नाही. वाकून वायरींकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वायर सैल होते, जळते, उंदीर खातो. पण दोन वायरी उठून एकमेकींच्या जागी जाऊन बसत नाहीत. एवढी वर्षं जीप चालवून मला हे सुचू नये.

तो म्हणाला, "कठीण काम आसा. दिवस जातलो."

आणि घालवला त्याने. चारही प्लग काढले, पॉलिश पेपरने घासले, काही गरज नसताना डिस्ट्रिब्युटरातले पॉइंट साफ केले. दुपारी मी केलेलं पांचट सार भातावर ओतून जेवला, पण भात तीनदा घेतला. बाहेर ऊन कलल्यावर वायरी जागच्या जागी लावल्या. स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "भावजी, वायरी अदलाबदल करू नकात. सायलेन्सर फुटात. पुढल्या खेपेक तीन नंबरची टोपी वायच सैल करा. थंय हात लवकर पावता."

तेव्हापासून महिन्यातून एकदा तीन नंबर सैल होतो. तो येतो, गाऱ्हाणं घालतो, मी "व्हय म्हाराजा" म्हणतो. तिचं नाव आम्ही दोघेही काढत नाही.

गेल्या रविवारी टोपी सैल करायची मी विसरलो. तो फोन न करताच आला. मी ओशाळून जीप चालू केली. एकही ठोका चुकेना. तो तोंड उघडं टाकून बराच वेळ ऐकत राहिला, डोळे मिटून. मग हात पुसत म्हणाला, "काय तरी आसा तिका. जेवल्यार बघूया."

मी तांदूळ धुवायला घेतले.