डबा सोडायचा दिवस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या मुलीचं पोहणं मी एका खोट्या वाक्यानं बंद पाडलं. ती तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती.

मी लातूरला फिजिक्स शिकवतो. भूकंप झाला तेव्हा नवीनच लागलो होतो, पुढचं वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवलं. मग काही वर्षांत शहराचं रूपच पालटलं. उदगीरची, देगलूरची, पार नांदेडकडची पोरं पेट्या-वळकट्या घेऊन शिकवणीला यायला लागली. माझ्याही दोनाच्या चार बॅचा झाल्या.

आमचं गाव नांदेडकडे, नायगावजवळ. तिथं माझा थोरला भाऊ, मुलीचा आबा, शेती बघतो. मुलगी दर उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस त्याच्याकडे जायची आणि शेतातल्या विहिरीत पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायची. दादाचा नेम कडक होता. तो 'सोड' म्हणेपर्यंत डबा सोडायचा नाही, मग पोर कितीही हुशार असो. आठवीच्या उन्हाळ्यात निघायच्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "आता पुढल्या साली आलीस की पयल्याच दिवशी डबा सोडू."

ते पुढलं साल आलंच नाही. दहावीची सुट्टीतली बॅच एप्रिलातच सुरू व्हायची. पालक वर्गात डोकावून विचारायचे, "सर, तुमची पोरगी कुठं बसती?" ती पहिल्या बाकावर दिसली की त्यांचं समाधान व्हायचं. तिला गावी धाडलं असतं तर मी त्यांना काय सांगणार होतो?

म्हणून मी घरात सांगितलं, "विहिरीचे दगड सुटलेत. भूकंपाचा हादरा होता, तो आता दिसून राहिलाय. दादानं काटे टाकून बंद केली." भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती आणि आमच्या गावाकडे भांडीसुद्धा पडली नव्हती. पण लातुरात तड्याचं नाव काढलं की कुणी उलट विचारत नाही. मुलीनंही ते खरं धरलं. दादाला मी फोनवर वेगळंच सांगितलं. "तिला आता विहिरीची भीती वाटते, यायचं न्हाई म्हणती." तो म्हणाला, "बरं." त्यानं त्या साली तिच्यासाठी विहिरीतला गाळ काढून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढं आमचं गावी जाणं लग्नकार्यापुरतं उरलं. विहीर गावापासून लांब, शेतात. तिकडे कुणी फिरकलंच नाही.

मुलगी आता तिशीची आहे, बेंगळुरूला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकायला गेली. मोठ्या पतंगाच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या ओढीनं पाण्यावरून जायचं, असा तो खेळ. पहिले दोन दिवस सगळं वाळूवर, लहान पतंगावर. ते तिला छान जमलं. तिसऱ्या दिवशी फळीशिवाय नुसतं पतंगाच्या ओढीनं पाण्यातून सरकायचं होतं. पतंग पडला. तिनं शिकवल्याप्रमाणे सुटकेची लाल मूठ ढकलली, पतंगाचा जोर गेला. अंगात तरंगतं जाकीट होतं. तरीही पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर तिनं प्रशिक्षकाच्या गळ्याला मिठी मारली, ती सुटेना. त्यानं तिला किनाऱ्यावर आणलं आणि शांतपणे सांगितलं, आधी पोहायला शिक, मग ये. फॉर्मवर 'पोहता येतं' असं का लिहिलंस, हेही विचारलं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"पप्पा, मी खोटं नव्हतं लिहिलं. मला येत होतं ना?"

मी म्हणालो, "घाबरली असशील."

तिनं विचारलं होतं काय आणि मी उत्तर दिलं काय!

मे महिन्यात ती सुट्टी काढून आली ती थेट गावी जायचं म्हणूनच. सरावाचा लहान पतंग पाठीवरच्या पिशवीत होता. दुसरी एखादी विहीर सापडेल, असं तिनं धरलं होतं. मी सोबत गेलो. गेलो नसतो तर बरं, असं सगळ्या रस्त्यानं वाटत होतं.

दादा आता सत्तरीला टेकलाय. त्याच जुन्या विहिरीच्या काठावर उभा राहून तिला म्हणाला, "आलीस का गं? तुला तर लई भ्या वाटत होतं म्हनं हिचं."

"मला?" ती म्हणाली.

"हाव. तुझ्या बापानंच सांगितलं की फोनवर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पायऱ्यांकडे, बांधकामाकडे पाहिलं. एकही दगड हललेला नव्हता. "लहान होते मी आबा," एवढंच म्हणून ती सोबत आणलेलं तरंगतं जाकीट चढवायला लागली.

"हे काय घालून राहिलीस? गादी बांधलीस का अंगाला?"

"याच्याशिवाय समुद्रात जाऊ देत नाहीत."

"समुद्रातलं समुद्रात. हितं माझा डबा." डबा आता प्लास्टिकचा होता, दोरी मात्र तशीच, काथ्याची. तिनं मुकाट पाठ केली. त्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली.

संध्याकाळी वारा धरला तसा तिनं कापणी झालेल्या रानात पतंग काढला. आधी विजेच्या तारा किती लांब आहेत ते पाहिलं. वारा जातो त्या अंगाला शंभर पावलं चालून आली. झाड नाही, ढोर नाही, माणूस नाही. मग मला म्हणाली, "धरा. घड्याळ समजा. बारावर पतंग शांत असतो. तीन आणि नऊवर, पार कडेला, जोर कमी. मधे खाली आला की ओढतो. बोटाला दोरी गुंडाळायची नाही. मनगटाला पट्टा आहे, मी सोडा म्हटलं की दांडी सोडायची. पतंग आपोआप पडतो."

"मला शिकवतेस? तीस वर्षं बलांचं पृथक्करण…"

"फळ्यावर वारं नसतं, सर."

बारावर पतंग खरंच शांत होता. मला वाटलं, जमलं. मग वाऱ्याचा झोत आला, माझा उजवा हात खाली गेला आणि पतंग मधे उतरला. "सोडा! पप्पा, सोडा!" ती ओरडत होती. मला ऐकू येत होतं. तरी मी दोन्ही हातांनी दांडी आवळून धरली आणि धसकटांतून गुडघ्यांवर फरपटत गेलो. शेवटी तिनं धावत येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. दादा बांधावर बसून इतका हसला की त्याला खोकला लागला. "लई पोरं शिकविली म्हनं यानं!"

ती माझ्या गुडघ्यावर हळद दाबत म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळे धरूनच ठेवतात. मी पण ठेवलं होतं." मग दोऱ्या गुंडाळता गुंडाळता, वर न बघता, "विहिरीचे दगड चांगले मजबूत आहेत की."

ती थांबली होती. मला तेवढी जागा तिनं करून दिली होती.

मी म्हणालो, "दादानं डागडुजी केली असेल."

"हाव," ती म्हणाली. अगदी आबासारखं. आणि पिशवीची चेन लावली.

आठव्या दिवशी दादानं डबा सोडला. तो पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. "जा," म्हणाला. ती या काठापासून त्या काठापर्यंत गेली, दगडाला हात लावून परत आली, पुन्हा गेली. मग पाठीवर उताणी पडून नुसती तरंगत राहिली, आभाळाकडे बघत. दादा मला म्हणाला, "त्या सालीच झालं असतं हे." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला तिथं उभं राहवेना.

पावसाळा सरला की ती पुन्हा समुद्रावर जाणार आहे. फॉर्म भरून झालाय. 'पोहता येतं' यापुढे तिनं 'होय' लिहिलंय आणि मला फोटो पाठवलाय, सोबत एक शब्दही न लिहिता.

तिला कळलंय, हे मला माहीत आहे. पण कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. हे छापून येण्याआधी मला तिच्यासमोर बसून म्हणायचं आहे की, तू तेव्हा खोटं लिहिलं नव्हतंस, खोटं मी बोललो होतो, आणि त्या संध्याकाळी रानात पुन्हा बोललो. दादाला सांगायचं आहे की पोरगी कधीच भ्याली नव्हती. ही दोन्ही देणी अजून माझ्याकडे आहेत.