फोन ऐकणारे शेजारी

मी रहस्यकथा लिहितो. गेल्या वर्षी प्रकाशक म्हणाले, "खून पुरे झाले आता. सरकार लोकांचे फोन ऐकतं, माहिती दडवतं, असलं काहीतरी द्या." आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांची बरीचशी नोकरी दुसऱ्यांचे फोन ऐकण्यात गेली, असं कानावर होतं. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. यंत्रं कशी असत, परवानगी कोण देई, सगळं सांगायचे. माणसांबद्दल मात्र एक शब्द नाही. माझं एक प्रकरण वाचून म्हणाले, "तुमच्या नायकाला फार थरार वाटतो हो. आम्हाला नुसता कंटाळा यायचा."

त्याच सुमारास सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न लोणी काळभोरला होतं. ते आणि मी माझ्या गाडीने गेलो. पंगतीत नवऱ्यामुलाची गावातच दिलेली आत्या जिलबीचा आग्रह करत होती. जाड, किंचित बसलेला आवाज. "घ्या की पाव्हणं, लाजताय काय."

शेजाऱ्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. ताट तसंच टाकून उठले.

परतताना हडपसरला गाडी अडकली, तेव्हा बोलले.

"त्या बाईंचा फोन माझ्याकडे ऐकायला होता. नवरा कामगारांचा पुढारी, संपाच्या वेळी फरार झाला होता. बाई रोज दुपारी बहिणीशी बोलायच्या. पोरांचे ताप, सासूची कुरकुर, सगळं मला पाठ. एकदा त्यांनी बहिणीला सांगितलं, तो वारज्याला एका मळ्यातल्या खोलीत आहे. मी वर कळवलं. त्याला उचलला."

"मग?"

"मग मला दुसरा नंबर दिला."

मला चैन पडेना. लग्न झालेल्या मुलीच्या आईला मी त्या आत्याबाईंबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. नवरा सुटून आला, पण एका पायाने कायमचा अधू होऊन. ठिकाण फक्त बहिणीला माहीत होतं, म्हणून बाईंनी तिच्याशी संबंध तोडले. "मुलांच्या शपथा घेतल्या हो तिने," मुलीची आई म्हणाली. "या ऐकेनातच."

बायको म्हणाली, "या वयात त्यांना कशाला सांगता?" तरी मी सांगितलं.  पुढे काही दिवसांनी ते सकाळीच दारात उभे. "लोणीला जायचंय. गाडी काढता का?"

बाईंनी अंगणात खुर्च्या टाकल्या. हे बसले नाहीत. आपण कोण, काय काम करत होतो, त्या दुपारी काय ऐकलं आणि कुणाला कळवलं, सगळं उभ्यानेच सांगितलं. मी गोठ्याकडे बघत राहिलो. आरडाओरडा होईल, असं मला वाटलं होतं. बाई खुर्चीच्या हातावरचा रंगाचा पापुद्रा नखाने काढत बसल्या.

"ती गेली," त्या म्हणाल्या. "मी मातीलाबी गेले न्हाई."

मग त्यांनी मान वर केली.

"म्हंजी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं?"

"नाही. तुम्ही फोन ठेवलात आणि मी लगेच वर कळवलं. तिच्याकडून काही आलं नाही. माझ्याकडूनच गेलं."

"तुमी तर तिचा आवाज रोज ऐकलाय," बाई म्हणाल्या. "तुमास्नी कळलं, ती कशी हाय. मला न्हाई कळलं."

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही बराच वेळ थांबलो. कुणी बाहेर आलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "सांगायला नको होतं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. बाई इतकी वर्षं बहिणीला दोष देत जगल्या होत्या. तो आधारही आम्ही काढून घेतला होता.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत आणि मीही त्यांची बेल वाजवली नाही. जिन्यात समोरासमोर आलो की पाणी किती वाजता येणार, लिफ्ट अजून बंद आहे का, एवढंच बोलतो.