कलदारमामा आणि ड्रेस्डेनचा कोळसा

कुणी कसलाही भाव सांगितला की मामा आधी विचारायचा, "हाली का कलदार?" आमच्या बीडकडे निजामाचा हाली रुपया चाले, सीमेपलीकडे नगरच्या बाजूला इंग्रजांचा कलदार. एका कलदारासाठी हाली रुपया आणि वर दोन-तीन आणे मोजावे लागत. मामा बैलांचा व्यापारी, दोन्हीकडे त्याचा राबता. सोयरिकीत हुंड्याचा आकडा निघाला तरी हा मध्येच तोच प्रश्न टाकी. आमच्या शिरूर गावच्या लोकांनी त्याचं नावच कलदारमामा पाडलं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि पदवी घेऊनच उतरलो. हे मी आजही छाती काढून सांगतो. पुढं कापड रंगवायची विद्या शिकायला जर्मनीत, ड्रेस्डेनला जायचं ठरलं. तिथं राहून आलेला मुंबईच्या एका वकिलांचा मुलगा घरी आला. खोलीभाडं, जेवण, धुणं, सगळं त्यानं रुपयांत करून सांगितलं.

"अंघोळीचे पैसे निराळे पडतात," तो म्हणाला.

"आंगुळीला पैसे?" मामा उडालाच. "भाच्या, मंग हितनंच वर्साची करून जा!"

"आणि हिवाळ्यात कोळसा. त्याविना तिथं माणूस तगत नाही."

"म्हंजी ऊनबी इकत घ्यायचं! लई म्हागाचं गाव हाय बे."

वडिलांचा कापूस आणि मामाचा वाटा मिळून वर्षाची बेगमी झाली. मामा इतका हरखला होता, की त्या दिवशी त्याचा नेहमीचा प्रश्न निघालाच नाही.

मामाच्याच बैलगाडीतून नगरला पोचलो. पैसे मोजून घ्यायला थैली सराफापुढं ठेवली. त्यानं ती उघडली आणि म्हणाला, "ही तर हाली. तुमचा हिशेब कशाचा?" वकिलांच्या मुलाचा हिशेब मुंबईचा, म्हणजे कलदारांचा. रक्कम बदलली आणि नेमका कोळशापुरता खड्डा पडला.

मामानं कपाळावर हात मारला आणि हसत सुटला. "जलमभर दुनियेला इचारलं, अन् मह्याच घरात इचारायचं राह्यलं!"

मला हसू येईना. जहाजाचं तिकीट निघालेलं. ते बुडालं असतं तर पुन्हा एवढी जमवाजमव होणार नव्हती. मामानं गाडीचे बैल सोडले आणि त्यांना घेऊन बाजाराकडं गेला. वर्षानुवर्षं कुणी मागितली तरी न दिलेली ती खिलारी जोडी. परतला तेव्हा खांद्यावर नुसते कासरे होते.

"मामा, जोडी कावून इकली?"

"बैल दुसऱ्या बाजारात मिळंल. तू तिकडं गारठून मेलास तर बहिनीला पोरगं कोन्त्या बाजारातनं आनून देऊ?"

"आता घरी कसा जाशील?"

"मह्ये पाय हाली हायेत. निजामाच्या मुलखात चालत्यात."

पुढं ड्रेस्डेनला त्या पैशांवर माझ्या खोलीतली शेगडी सबंध हिवाळा पेटती राहिली.

त्या दिवशी नगरच्या स्टेशनातून आगगाडी हलली तेव्हा मी खिडकीतून हात काढून हलवला. मामाचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी बैलाचं तोंड उघडून तो दात बघत होता.